प्रार्थना होती, दारूही होती
(व्यसनमुक्तीच्या एका वाटेचा ख्रिस्ती उगम)

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचे शहर आहे. मोटारींच्या टायरांसाठी एके काळी ते जगभर ओळखले जाई. १९३३च्या सुरुवातीपासून या शहरातला एक शल्यचिकित्सक एका ख्रिस्ती मंडळाच्या बैठकींना नेमाने जात होता. बायबल वाचत होता, इतरांबरोबर गुडघे टेकून प्रार्थना करत होता, चांगली माणसे त्याच्या अवतीभवती होती. आणि घरी येऊन तो पीत होता. बाटल्या लपवून ठेवायच्या, सकाळी हातांची थरथर थांबावी म्हणून औषधाची मात्रा घ्यायची, कसेबसे काम उरकायचे आणि संध्याकाळी पुन्हा बाटली. रॉबर्ट स्मिथ हे त्याचे नाव; पुढे जग त्याला ‘डॉक्टर बॉब’ म्हणून ओळखू लागले. अडीच वर्षे हा क्रम चालला. प्रार्थना होती, दारूही होती.

अशा माणसाकडे पाहून श्रद्धाळू म्हणतात, याची श्रद्धाच कमी पडली. श्रद्धा न मानणारे म्हणतात, प्रार्थनेने कधी दारू सुटते का? मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण १९३५च्या जून महिन्यात याच माणसाची, याच देवावरच्या याच श्रद्धेसह, दारू सुटली आणि १९५० साली मरेपर्यंत तो पुन्हा प्यायला नाही. बायबल तेच, प्रार्थना त्याच. मग त्या काही आठवड्यांत बदलले काय?

मी ख्रिस्ती नाही, डॉक्टरही नाही. पदवी वाणिज्य शाखेची. गेली बारा-तेरा वर्षे नोकरीतून उरलेल्या वेळात व्यसनमुक्तीच्या चळवळींचा इतिहास वाचतो आहे. कुणाच्याही घरातला असावा तसा त्याचा एक धागा माझ्याही घरातून जातो. त्याबद्दल पुढे येईलच. हा इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त अडवून धरले ते डॉक्टर बॉबच्या या अडीच वर्षांनी. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ए. ए. या जगभर पसरलेल्या संघटनेचा जन्म याच कोड्याच्या उत्तरातून झाला. ए. ए. हा धर्म नाही, असे तिचे सभासद आवर्जून सांगतात, आणि ते खरेच आहे. पण तिची मुळे ज्या मातीत आहेत ती माती निखळ ख्रिस्ती आहे.

ही माती पाहायची तर १९०८ सालच्या इंग्लंडमध्ये जावे लागते. फ्रँक बुकमन हा अमेरिकन ल्यूथरन पाद्री तेव्हा तिशीत होता. फिलाडेल्फियात गरीब मुलांसाठी तो एक वसतिगृह चालवत असे. खर्चावरून, मुलांच्या जेवणावरून त्याचे विश्वस्तांशी बिनसले, त्याने राजीनामा दिला आणि मनात राग घेऊन तो युरोपात भटकू लागला. विश्वस्त सहा होते. उत्तर इंग्लंडमधल्या केझिक या गावी एका छोट्या चॅपेलमध्ये त्याने एका बाईचे क्रूसाविषयीचे प्रवचन ऐकले आणि त्याला वाटले, चुकलेली माणसे सहा नाहीत, सात आहेत, सातवा मी. मुक्कामी येऊन त्याने सहाही जणांना क्षमा मागणारी पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही.

उत्तर न येणे मला या गोष्टीत फार महत्त्वाचे वाटते. क्षमा मागितली म्हणून ती मिळालीच पाहिजे, असा हा व्यवहार नव्हता. पत्र टाकले तेव्हाच बुकमनपुरते काम झाले होते. त्याच दुपारी तळ्याकाठी फिरताना त्याने हा सगळा अनुभव यजमानांकडच्या एका तरुणाला सांगितला आणि तो ऐकून त्या तरुणाचेही मन पालटले. बुकमनच्या पुढच्या सगळ्या कार्याचा साचा या एका दिवसात तयार झाला: आपले दोष कबूल करायचे, ज्याचे वाईट केले त्याच्याकडे जाऊन भरपाई करायची, आणि जे घडले ते दुसऱ्या एका माणसाला समोरासमोर सांगायचे. याला रोज पहाटेच्या मौनाची जोड मिळाली. शांत बसायचे, मनात जे येईल ते वहीत टिपायचे आणि प्रामाणिकपणा, शुचिता, निःस्वार्थ आणि प्रेम या चार कसोट्यांवर घासून पाहायचे. या चळवळीला १९२८पासून ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ हे नाव चिकटले. तिला सभासद नोंदणी नव्हती, वर्गणी नव्हती, स्वतःचे चर्च नव्हते. माणसे एखाद्याच्या दिवाणखान्यात जमत.

बुकमनची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. मोठी माणसे बदलली की देश बदलतील या भाबड्या समजुतीपायी १९३६ साली एका अमेरिकन वृत्तपत्राच्या मुलाखतीत तो हिटलरविषयी कौतुकाने बोलला आणि ते त्याला जन्मभर पुसता आले नाही. पण दारुड्यांच्या बाबतीत त्याच्या दिवाणखान्यांतून जे बाहेर पडले ते त्याच्या आवाक्यापलीकडचे होते.

ऱ्होड आयलंडच्या एका श्रीमंत उद्योगपती घराण्यातला रोलंड हॅझर्ड दारूपायी पार खचला होता. १९२०च्या दशकात तो झुरिकला कार्ल युंगकडे उपचारांसाठी गेला. उपचार झाले, तो परतला आणि पुन्हा पिऊ लागला. युंगने त्याला सांगितले की, वैद्यक आणि मानसशास्त्र तुझ्यासाठी आणखी काही करू शकत नाही; खोलवरचा धार्मिक अनुभव आला तर क्वचित अशी माणसे सुटलेली दिसतात, पण तो अनुभव मागून मिळत नाही. एवढ्या मोठ्या मनोवैज्ञानिकाने आपल्या शास्त्राची मर्यादा रोग्यासमोर मान्य करावी, ही मला या साखळीतली पहिली मोठी कबुली वाटते. हॅझर्ड पुढे ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये गेला. १९३४च्या उन्हाळ्यात व्हर्मांटमध्ये एबी थॅचर नावाच्या दारुड्याची रवानगी मनोरुग्णालयात होणार होती. हॅझर्डने आणि ग्रुपमधल्या त्याच्या एका साथीदाराने मध्ये पडून त्याला सोडवून घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एबी आपल्या जुन्या बैठकीतल्या मित्राला भेटायला ब्रुकलिनला गेला. तो मित्र म्हणजे शेअर बाजारात धुळीला मिळालेला बिल विल्सन.

बिलने जिनचा पेला भरला. एबीने नको म्हटले. काय झाले, असे विचारल्यावर त्याने आपण धर्माला लागल्याचे सांगितले. बिलचे धर्माशी वाकडे होते; पण जो माणूस काल आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत होता तो आज शुद्धीत समोर बसला आहे, हे त्याला नाकारता येईना. देव हा शब्द आला की बिल अडे. तेव्हा एबीने त्याला सुचवले की, तुला पटेल तशी देवाची कल्पना तूच का करत नाहीस? पुढच्या महिन्यात बिल न्यूयॉर्कमधल्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. तिथे निराशेच्या टोकाला जाऊन त्याने देवाला हाक मारली आणि खोली प्रकाशाने भरून गेल्याचा अनुभव त्याला आला. त्यानंतर तो दारूला शिवला नाही. या अनुभवावर त्या काळच्या औषधांचा काही परिणाम असेल का, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. मला तो वाद फारसा उपयोगाचा वाटत नाही, कारण खरी गोष्ट त्यानंतरच्या सहा महिन्यांत घडली.

त्या सहा महिन्यांत बिल दारुड्यांच्या मागे लागला होता. मिशनच्या धर्मशाळेत, इस्पितळात, स्वतःच्या घरी, जिथे भेटेल तिथे तो आपल्या प्रकाशाची गोष्ट सांगे. एकही माणूस सुधारला नाही. टाउन्सच्या डॉक्टर सिल्कवर्थने त्याला समजावले की, तू प्रवचन देतोस. आधी त्यांना आजार सांग, दारू त्यांच्या शरीराचे आणि मनाचे काय करते ते सांग. आणि त्याची पत्नी लोइस हिने एक साधीच गोष्ट दाखवून दिली: कुणी सुधारले नसेल, पण तू या सगळ्या काळात प्यायला नाहीस.

मे १९३५मध्ये बिल एका कंपनीच्या मालकीच्या झगड्यासाठी अ‍ॅक्रनला गेला आणि तिथे तो हरला. परक्या गावात, मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात, खिशात जेमतेम पैसे. एका टोकाला बार होता, तिथून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि त्याशेजारी गावातल्या चर्चची यादी. बिलने यादीतून एका पाद्र्याला फोन लावला. माझ्या मते हा फोन म्हणजे या सगळ्या इतिहासाचा सांधा आहे. आजवर बिल दुसऱ्याला वाचवायला जात होता. आज त्याला स्वतःला वाचायचे होते आणि त्यासाठी त्याला दुसरा दारुडा हवा होता. फोनाफोनी होत होत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्या ऑक्सफर्ड ग्रुपच्या. काहीच आठवड्यांपूर्वी त्यांच्या मंडळात डॉक्टर बॉबने आपण चोरून पितो हे प्रथमच मोकळेपणी कबूल केले होते आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली होती. हा फोन म्हणजे त्या प्रार्थनेचे उत्तर, याविषयी बाईंच्या मनात शंका नव्हती.

१२ मे, मदर्स डे. पंधरा मिनिटांहून जास्त थांबायचे नाही, असे बजावून डॉक्टर बॉब पत्नीसह संध्याकाळी पाचला आले. ते निघाले तेव्हा रात्रीचे सव्वा अकरा वाजले होते. पुढे त्यांनी लिहिले आहे त्याचा मथितार्थ असा: बिलने सांगितलेली माहिती नवी नव्हती. पण दारूविषयी स्वतःच्या भोगातून बोलणारा माणूस त्यांना आयुष्यात प्रथमच भेटला होता. अडीच वर्षे ज्यांच्याबरोबर प्रार्थना केली ती माणसे चांगली होती, पण त्यांच्यापैकी कुणाचा हात सकाळी थरथरत नव्हता.

इथे गोष्ट संपली असती तर ती सोपी झाली असती. पण या भेटीनंतरही बॉब एकदा घसरले. डॉक्टरांच्या एका परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले आणि जाताना रेल्वेतच प्यायला सुरुवात झाली. परतल्यावर तीनच दिवसांत एक शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्या सकाळी हात स्थिर राहावा म्हणून बिलने स्वतः त्यांना बिअरची एक बाटली दिली. १० जून ही तारीख ए. ए. आपला जन्मदिवस मानते. शस्त्रक्रिया उरकली, तास उलटत गेले, डॉक्टरांचा पत्ता नाही. घरी सगळ्यांचे धाबे दणाणले. खूप उशिरा ते परत आले, शुद्धीत. आपल्या पिण्यापायी ज्यांचे नुकसान झाले, ज्यांचे देणे राहिले, अशा माणसांकडे ते दिवसभर फिरत होते. याच भेटींना ते आजवर घाबरत होते. पिणे उघड झाले तर उरलासुरला व्यवसायही बुडेल, ही धास्ती होती.

अडीच वर्षांत न झालेली गोष्ट ती हीच. बुकमनच्या साच्यातल्या प्रार्थना, मौन, वाचन या देवाकडे जाणाऱ्या बाजू बॉब मनापासून पाळत होते. माणसांकडे जाणारी बाजू राहिली होती. एका दारुड्यासमोर दारुडा म्हणून बसणे आणि एकेका घराचे दार वाजवणे, ही दोन कामे झाली तेव्हा वर्षानुवर्षे वाचलेले बायबल कामी आले.

यात ख्रिस्ती ते काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर बायबलमध्येच आहे. अ‍ॅक्रनच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत बॉबच्या पत्नी अ‍ॅन सकाळी बिल आणि बॉब यांना बायबल वाचून दाखवत. त्यात पुन्हा पुन्हा निघे ते नव्या करारातले याकोबाचे पत्र. डोंगरावरचे प्रवचन, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा प्रेमाविषयीचा तेरावा अध्याय आणि याकोबाचे पत्र, हे तीन भाग आम्हाला सर्वांत अत्यावश्यक वाटत, असे बॉबने १९४८ साली सांगितले आहे. या मंडळाला याकोबाचे नाव द्यावे, अशी सूचनाही तेव्हा पुढे आली होती. पत्र छोटे आहे, पाच अध्यायांचे. दिब्रिटो फादरांच्या ‘सुबोध बायबल’मध्ये अर्ध्या तासात वाचून होते. कृती नसलेल्या श्रद्धेला ते जिवंत मानायला तयार नाही. आणि शेवटच्या अध्यायात ते सांगते की, बरे व्हायचे असेल तर आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. एकमेकांजवळ! धर्मगुरूजवळ असे तिथे म्हटलेले नाही. गंमत अशी की, मार्टिन ल्यूथरला हे पत्र फार हलक्या तोलाचे वाटे. केवळ श्रद्धेने तारण होते या त्याच्या सिद्धांतात ते बसत नव्हते. त्याने त्याला गवताची उपमा दिली होती. त्याच ल्यूथरच्या पंथातल्या एका पाद्र्याने सुरू केलेल्या चळवळीतून हे गवत दारुड्यांच्या हाताशी आले.

आपल्याकडे दारू सुटण्याची धार्मिक वाट म्हणजे माळ. माझे थोरले मामा कराडजवळच्या आमच्या आजोळी शेती करत. पिण्यात त्यांची दोन एकर गेली. एका आषाढीला गावच्या दिंडीबरोबर ते पंढरपूरला गेले आणि गळ्यात तुळशीची माळ घालून परत आले. सव्वा वर्ष त्यांनी दारूकडे पाहिले नाही. मग कर्जापायी शेत सुटले आणि यंत्रमागावर काम मिळवून ते एकटेच इचलकरंजीला गेले. तिथे काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाली. मामी सांगत, पिण्याआधी ते माळ उतरवून खोलीतल्या देवाच्या तसबिरीला अडकवत, सकाळी आंघोळ करून पुन्हा गळ्यात घालत. घरातले सगळे म्हणत, यांची माळ खोटी. मला आता तसे वाटत नाही. माळ उतरवून ठेवणाऱ्या माणसाला माळेची चाड होती. गावात होते तेव्हा दर एकादशीला भजनी मंडळ होते, टाळ हातात द्यायला कुणी होते, आणि त्या मंडळात मामांच्या आधी सुटलेले दोघे होते. इचलकरंजीत माळ होती, मंडळ नव्हते. मामा एकोणपन्नासाव्या वर्षी तिथेच गेले.

अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळातल्या सिस्टर इग्नेशिया यांच्याविषयी वाचताना मला ती माळ आठवली. मूळच्या आयर्लंडच्या या जोगिणीने संगीत शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवली. प्रकृती ढासळल्यावर त्यांना इस्पितळात नोंदणीच्या टेबलावर बसवले गेले. दारुड्यांना इस्पितळे तेव्हा दारात उभे करत नसत. १९३९च्या ऑगस्टमध्ये डॉक्टर बॉबने शब्द टाकल्यावर सिस्टरनी एका दारुड्याला जठराच्या विकाराचा रोगी म्हणून दाखल करून घेतले आणि खाट कुठे टाकायची म्हणून फुले रचायच्या खोलीत ठेवले. पुढे बॉबच्या मृत्यूपर्यंत त्या दोघांनी मिळून सुमारे ५,००० दारुड्यांवर उपचार केले. बरा होऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती सिस्टर ‘पवित्र हृदया’चे एक छोटे पदक ठेवत. अट एकच: पुन्हा प्यावेसे वाटले, तर पहिला घोट घेण्याआधी हे पदक मला आणून द्यायचे.

मामांची माळ तसबिरीला टांगली जाई. हे पदक जिवंत माणसाच्या हातात परत द्यावे लागे. पदक द्यायला आलेला माणूस सिस्टरसमोर उभा राही, मग दोघे बोलत बसत. ए. ए.मध्ये आज ठरावीक काळ न पिता काढल्यावर जे बिल्ले देतात, त्यांच्या पूर्वजांत या पदकाची गणना होते.

इथवर सगळे उघडपणे ख्रिस्ती होते. पण १९३९च्या एप्रिलमध्ये बिलने लिहिलेले, पुढे ‘बिग बुक’ म्हणून ओळखले गेलेले पुस्तक निघाले. त्यातल्या बारा पायऱ्यांच्या शब्दांवरून न्यूयॉर्कमध्ये खडाजंगी झाली. जिम बरवेल नावाचा एक कट्टर नास्तिक मंडळात होता. देवाच्या उल्लेखाला त्याचा विरोध, तर दुसऱ्या बाजूच्या काहींना पुस्तक उघड ख्रिस्ती हवे होते. अखेर देव राहिला, पण प्रत्येकाला जसा कळला तसा. सातव्या पायरीतले गुडघे टेकण्याचे शब्द गळाले. कॅथलिकांची अडचण वेगळीच होती: ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये दुसऱ्यांदेखत पापे सांगणे त्यांच्या चर्चला मान्य नव्हते. त्या अडचणीतून क्लीव्हलंडचे लोक त्याच वर्षी ग्रुपमधून बाहेर पडले आणि त्यांनी ए. ए. हे नाव लावून पहिली स्वतंत्र सभा सुरू केली. पुढच्या वर्षी सेंट लुइसहून एड डाउलिंग नावाचा जेझुइट पाद्री बिलला भेटायला आला. लोयोलाच्या संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेशी या पायऱ्यांचे साम्य त्याला दिसले होते आणि ते तू कुठून घेतलेस हे त्याला विचारायचे होते. बिलने त्या साधनेचे नावही ऐकले नव्हते.

कसला देव, हा प्रश्न मोकळा सोडला. पण कबुली, भरपाई आणि दुसऱ्या दारुड्याकडे जाणे यांतले काहीही सैल केले नाही. आपण काय केले त्याचा लेखी हिशेब, तो दुसऱ्या एका माणसासमोर वाचणे, नुकसान झालेल्यांची यादी, त्यांच्याकडे प्रत्यक्ष जाणे, हे सगळे बारा पायऱ्यांत जसेच्या तसे आहे. तडजोड देवाच्या नावात झाली, माणसांकडच्या बाजूत नाही. म्हणूनच ही वाट विठ्ठलाच्या, अल्लाच्या आणि देव न मानणाऱ्यांच्याही घरांत जाऊ शकली, असे मला वाटते.

आपल्या मुलखात या एका मुळाच्या दोन फांद्या आल्या आहेत आणि त्यांचे नाते फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. बुकमनने १९३८ साली आपल्या चळवळीला ‘मॉरल री-आर्मामेंट’ हे नाव दिले. राजमोहन गांधींच्या पुढाकाराने त्या चळवळीचे ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र १९६०च्या दशकाच्या अखेरीस पाचगणीत उभे राहिले. तिथे आजही पहाटेचे मौन पाळतात आणि त्या चार कसोट्यांची ओळख करून देतात. दुसरी फांदी वांद्र्याची. फादर जो परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. ते कॅथलिक धर्मगुरू, अय्यंगार गुरुजींचे शिष्य, आणि आपण स्वतः या व्यसनातून बाहेर आलो हे जाहीरपणे सांगणारे. त्यांच्याकडे बारा पायऱ्या आणि योगासने एकत्र नांदतात. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. ते काही ख्रिस्ती संस्थेतून आलेले नाही. पण सुटलेल्या माणसाने सुटू पाहणाऱ्याचा हात धरायचा, ही तिथली रीत अ‍ॅक्रनच्या रीतीशी जुळणारी आहे.

ए. ए.च्या काही सभा सर्वांना खुल्या असतात. मुंबईत चर्चच्या आवारातल्या शाळेच्या वर्गात भरणाऱ्या अशा एका मराठी सभेला मी अधूनमधून जातो. मुलांच्या बाकांवर मोठी माणसे अवघडून बसलेली असतात. शेवटी जी प्रार्थना म्हणतात ती राइनहोल्ड नीबर या अमेरिकन धर्मशास्त्रज्ञाच्या नावावर आहे. तिच्यात ख्रिस्ताचे नाव नाही, मागणे आहे ते स्वीकाराचे, धैर्याचे आणि विवेकाचे. एकदा गिरणीत काम केलेले एक वयस्क गृहस्थ नवव्या पायरीविषयी, म्हणजे भरपाईविषयी बोलले. वाण्याची उधारी बुडवून त्यांनी चाळ बदलली होती. इतक्या वर्षांनी दुकानात जाऊन ते म्हणाले, “शेठ, माझं जुनं खातं काढा.” शेठ म्हणाला, “काका, ती वही केव्हाच रद्दीत गेली. तुमच्या बाईंनी अर्धे फेडले होते, तेवढं आठवतंय.” ते त्यांना तोवर ठाऊकच नव्हते. बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही.

या पद्धतीने खरेच दारू सुटते का, याचा हिशेब अलीकडे नीट मांडला गेला आहे. ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसे होती. वर्षभर दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए. ए. आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या बरोबरीचे किंवा त्यांहून थोडे सरस ठरले: १०० पैकी साधारण ४२ विरुद्ध ३५. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे याही वाटेने वर्षभर टिकत नाहीत. त्या आढाव्याचे एक लेखक जॉन केली यांनी ही पद्धत कशामुळे चालते याचाही मागोवा घेतला. पिणाऱ्यांची संगत सुटून न पिणाऱ्यांची मिळते, याचा वाटा मोठा निघाला; अध्यात्माचा वाटा दिसला तो मुख्यतः अधिक गंभीर व्यसन असलेल्यांत. कराडजवळच्या भजनी मंडळाला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

श्रद्धेने सगळ्याच सवयी सुटतात, असेही या इतिहासात दिसत नाही. बिल विल्सनला क्षणात प्रकाश दिसला आणि त्याची तलफ गेली. पण सिगारेट त्याला सोडवेना, आणि १९७१ साली तो फुप्फुसाच्या विकाराने गेला. नैराश्याने त्याला अनेक वर्षे ग्रासले होते. डॉक्टर बॉबना प्रकाशबिकाश काही दिसला नाही. दारू सोडल्यावरही अडीच वर्षे तलफ त्यांच्या मागे होती. गंमत म्हणजे ही अडीच वर्षे पहिल्या अडीच वर्षांएवढीच, फक्त या वेळी रोज कुणी तरी दारुडा त्यांच्या दाराशी होता. पुस्तक वाचून बिलसारख्या प्रकाशाची वाट पाहणारे इतके निघाले की १९४१च्या छपाईत एक पुरवणी जोडावी लागली: बदल बहुतेकांत हळूहळूच होतो.

युंगला आपल्या त्या बोलण्यातून काय काय उगवले याची कल्पना नव्हती. जानेवारी १९६१मध्ये बिलने त्याला पत्र लिहून हॅझर्डपासूनची साखळी कळवली. युंगचे उत्तर आठवड्याभरात आले. दारूची तहान ही खालच्या पातळीवर समग्रतेची, ईश्वराचीच तहान असते, असा त्याचा विचार होता. लॅटिनमध्ये ‘स्पिरिटस’ हा एकच शब्द आत्म्यालाही लावतात आणि त्या विषालाही, याकडे त्याने लक्ष वेधले. पुढे पाचच महिन्यांत युंग वारला.

राहता राहिला एबी थॅचर. ब्रुकलिनच्या त्या स्वयंपाकघरात जिनचा पेला नाकारणारा हा माणूस पुढे अनेकदा घसरला. दोन-तीन वर्षे कोरडी जात, पुन्हा पिणे, पुन्हा इस्पितळ. ज्याच्या शब्दावर लाखो माणसे तरली त्याला स्वतःला तो शब्द धड पेलला नाही. त्याची शेवटची वर्षे न्यूयॉर्क राज्यातल्या एका आश्रयगृहात गेली. खर्चाची सोय बिलने केली होती. १९६६च्या मार्चमध्ये एबी गेला, तेव्हा तो प्यायलेला नव्हता. ए. ए.मध्ये नव्या माणसाचा हात धरणाऱ्याला स्पॉन्सर म्हणतात. तुमचा स्पॉन्सर कोण, असे कुणी विचारले की बिल विल्सन शेवटपर्यंत एबीचेच नाव सांगत असे.